हेडर फाइल येते ती सहकुटुंब, सहपरिवार

पहिल्या नोकरीतला माझा पहिला पॅच साधारण ८० ओळींचा होता. एका छोट्या उपकरणात सेन्सरकडून येणारे आकडे गोळा करायचे आणि पुढे पाठवायचे, एवढंच काम. भाषा सी. सकाळी पॅच रिव्ह्यूला टाकला आणि दुपारपर्यंत त्यावर ३१ शेरे आले. महिरपी कंस पुढच्या ओळीवर घ्या. टॅब नको, चार स्पेस द्या. व्हेरिएबलच्या नावात कॅपिटल अक्षर नको. सगळे शेरे बरोबर होते, टीमच्या नियमांत ते लिहिलेलेच होते. दोन दिवस खपून मी एकेक मिटवला.

त्यातला एक शेरा मला अजून पाठ आहे. एका फॉर लूपमध्ये मी ‘पेक्षा लहान किंवा बरोबर’ हे चिन्ह वापरलं होतं. शेरा होता: चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्पेस द्या. मी दिली. तिथे खरं तर नुसतं ‘पेक्षा लहान’ हवं होतं. ॲरेत १६ घरं होती आणि माझा लूप १७व्या घरात लिहून येत होता. तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या चाचणीत उपकरण मधेच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं, तेव्हा ते सापडलं. चूक माझीच. पण तीन जणांनी ती ओळ वाचली होती, एकाने तर तिच्यावर नेमकं बोट ठेवलं होतं, आणि तरी सगळ्यांना दिसली ती फक्त स्पेस.

कोड कसा दिसावा यावर माणसं इतकी का भांडतात आणि त्यातल्या कुठल्या भांडणात खरंच काही पणाला लागलेलं असतं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. त्याचा माग काढताना जो इतिहास वाचला, तो इथे सांगतो.

कंस कुठे ठेवायचा?

सी भाषा जन्मली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये, १९७२च्या आसपास. डेनिस रिची यांनी ती घडवली. १९७८ मध्ये ब्रायन कर्निगन आणि रिची यांचं पुस्तक आलं आणि त्यात कोड जसा छापला होता, तसा जगभरच्या लोकांनी लिहायला सुरुवात केली. सीच्या कंपायलरला मोकळ्या जागेशी देणंघेणं नसतं. तुम्ही टॅब द्या, स्पेस द्या, सगळं एका ओळीत कोंबा, त्याला चालतं. म्हणजे कोडची मांडणी ही पूर्णपणे माणसांची गरज. आणि जिथे यंत्र गप्प बसतं, तिथे माणसं बोलायला लागतात.

इफच्या ओळीवरच कंस उघडायचा ही कर्निगन-रिची पद्धत. कंसाला स्वतंत्र ओळ द्यायची ही एरिक ऑलमन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत. हे ऑलमन म्हणजे ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेल प्रोग्रॅमचे कर्ते. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाने तिसरीच तऱ्हा काढली, कंसालाही दोन स्पेस आत ढकलायची. लिनक्स कर्नलसाठी नियम लिहिताना लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरुवातीलाच सल्ला दिला, की जीएनयूचे नियम छापून घ्या, वाचू नका, जाळून टाका. त्यांचा स्वतःचा नियम: आत सरकायचं तर आठ अक्षरांएवढा टॅब, आणि तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर तुमचा कोडच गंडलाय, तो आधी सुधारा.

काही नियमांचं वय तर संगणकाहून जास्त. ओळ ८० अक्षरांत संपवायची, ही अट आपण बऱ्याच प्रकल्पांत पाळतो. आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचं पंचकार्ड काढलं. पुढे टर्मिनलचे पडदे आले तेही ८० अक्षरांचे, आणि पडद्यांवरून ती अट नियमांत आली. लिनक्समध्ये कोड तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट मे २०२०पर्यंत ८०च्या पुढे गेलं की कुरकुर करायची. मग टोरवाल्ड्स यांनीच हा हट्ट पुरे म्हटलं आणि मर्यादा १०० झाली. नियमांचा कागद मात्र आजही ८०लाच पसंती देतो.

दिसण्यापलीकडचं

हे सगळं वाचून वाटतं, निव्वळ हट्ट आहेत झालं. मलाही वाटलं होतं. मग २०१४चं प्रकरण वाचलं.

त्या वर्षी २१ फेब्रुवारीला ॲपलने आयफोनसाठी घाईघाईने एक सुधारणा पाठवली. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा लागोपाठ आली होती. वर इफ होतं, पण कंस नव्हते. कंस नसले की इफची सत्ता फक्त पुढच्या एका विधानावर चालते. दुसरी ओळ दिसायला इफच्या पोटात होती, इतरांसारखीच आत सरकवलेली. प्रत्यक्षात ती मोकळी होती आणि प्रत्येक वेळी चालत होती. त्यामुळे पुढची सहीची तपासणी व्हायचीच नाही आणि उत्तर मात्र यायचं ‘सगळं ठीक’. मधे बसून तुमचं बोलणं ऐकू पाहणाऱ्याला दार सताड उघडं.

‘एका ओळीच्या इफलाही कंस द्या’ हा नियम तोवर कित्येकांना कटकट वाटायचा. तो पाळला असता तर ती जास्तीची ओळ कंसाच्या आत निमूट पडून राहिली असती. २०१६ मध्ये जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत एक नवा इशारा आला: मांडणी एक सांगते आणि कोड दुसरंच करतो, असं दिसलं की कंपायलर हटकतो. मोकळ्या जागेशी देणंघेणं नसलेलं यंत्र शेवटी मोकळी जागा वाचायला शिकलं, कारण माणूस ती वाचतो.

पर्याय काढून घेतल्यावर

मग हे काम यंत्राकडेच का देऊ नये? ही कल्पना जुनी आहे. १९८३च्या ४.२बीएसडी युनिक्समध्ये इंडेंट नावाचा प्रोग्रॅम होता, तो कोड आपोआप नीट मांडून द्यायचा. पण त्याला ढीगभर पर्याय होते. कंस इथे की तिथे, किती आत, सगळं निवडता यायचं. म्हणजे भांडण कोडवरून उठून पर्यायांच्या यादीवर जाऊन बसलं.

नोव्हेंबर २००९ मध्ये गूगलने गो भाषा खुली केली. तिच्यासोबत गोफम्ट हे साधन आलं. त्यात शैली निवडायची सोयच ठेवलेली नाही. ते मांडेल तीच मांडणी. गोच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या रॉब पाइक यांचं म्हणणं असं, की गोफम्टची शैली कुणाचीच लाडकी नाही, पण गोफम्ट सगळ्यांचं लाडकं आहे. मला यात शहाणपण दिसतं. लोक बिनपर्यायी नियम निमूट मान्य करतात, कारण त्यात कुणी कुणाला हरवलेलं नसतं.

पुढे मी दुसऱ्या टीममध्ये गेलो, थोडा सीनियर झालो, आणि उत्साहाच्या भरात एका शुक्रवारी संध्याकाळी अख्ख्या प्रकल्पावर क्लँग-फॉरमॅट चालवलं. एक कमिट, ४०० फाइली. सोमवारी एक सहकारी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. दोन महिन्यांचं तिचं काम वेगळ्या ब्रँचवर होतं आणि आता जवळजवळ प्रत्येक फाइलीत मर्ज कॉन्फ्लिक्ट होते. “शुक्रवारी एकदा विचारायचं होतंस फक्त,” एवढंच ती म्हणाली. शिवाय गिट ब्लेममध्ये प्रत्येक ओळीपुढे माझं नाव. कुठली ओळ कुणी, का लिहिली, हा सगळा माग माझ्या नावाखाली पुरला गेला. अशा कमिटकडे दुर्लक्ष करायची सोय गिटच्या २.२३ आवृत्तीत, ऑगस्ट २०१९ मध्ये, आलेली होती. मला ती माहीत नव्हती. नियम यंत्राने लावला तरी तो कधी लावायचा हे माणसांना विचारूनच ठरवावं लागतं.

पण मांडणीचा प्रश्न निदान सुटतो तरी. त्याच्या शेजारचा, दिसायला साधा आणि कितीतरी चिवट प्रश्न म्हणजे हेडर फाइली.

आमंत्रण

सीचा कंपायलर फाइल वरून खाली वाचत जातो. एखादं नाव वापरण्याआधी ते काय आहे हे त्याला सांगावं लागतं. दहा फाइलींना तेच फंक्शन लागत असेल तर ती ओळख दहा ठिकाणी लिहायची का? त्यापेक्षा एका हेडर फाइलीत लिहा आणि हॅश-इन्क्लूड म्हणून ती बोलवा. ही सोय १९७२-७३च्या सुमारास आली. ॲलन स्नायडर यांचा आग्रह होता, आणि बीसीपीएल व पीएल-वन या भाषांमधली तशी सोय रिचींना उपयोगाची वाटली होती. सुरुवातीला तर ती ऐच्छिक होती. फाइलीच्या आरंभी विशिष्ट खूण असेल तरच तो प्रीप्रोसेसर चालायचा.

इन्क्लूड करतं काय? त्या फाइलीतला सगळा मजकूर उचलून इथे चिकटवतं. बस. आणि त्या फाइलीत आणखी इन्क्लूड असले तर तेही, त्यांच्यातलेही. आपल्या लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ लिहितात ना, अगदी तसं. तुम्ही एकाला बोलावता, पंगतीला चाळीस जण. एकच पाहुणा तीन नातेवाइकांबरोबर तीनदा येऊ नये म्हणून ‘इन्क्लूड गार्ड’ लावतात: आधी आला असेल तर त्याचा मजकूर सोडून द्या. पण तो आलाय की नाही हे बघायला पूर्वी फाइल उघडून वाचावीच लागायची.

पाइक यांनी याचा एक नमुना नोंदवून ठेवला आहे. १९८४ मध्ये युनिक्सची पीएस ही साधी कमांड कंपाइल होताना एकच हेडर फाइल ३७ वेळा आत आली. त्यातल्या ३६ वेळा तिचा मजकूर फेकून दिला गेला. १९८९ मध्ये त्यांनी सल्ला लिहिला, की हेडर फाइलीने दुसरी हेडर फाइल बोलवूच नये. आज बहुतेक ठिकाणी उलटा नियम आहे: प्रत्येक हेडर स्वयंपूर्ण हवी, तिला लागतं ते तिने स्वतः आणावं. दोन्ही बाजूंना सबळ कारणं आहेत. यावरूनच दुखणं किती खोल आहे ते कळतं.

२००७ मध्ये गूगलने आपल्या एका मोठ्या सी-प्लस-प्लस प्रोग्रॅमचं मोजमाप केलं. सुमारे २००० फाइली, सगळ्या मिळून ४.२ मेगाबाइट. सगळे इन्क्लूड उलगडल्यावर कंपायलरपुढे वाढलं गेलं ८ गिगाबाइटहून जास्त. जवळजवळ २००० पट. त्याच सुमारास ४५ मिनिटं चालणाऱ्या एका बिल्डची वाट बघत बसलेले असताना पाइक यांच्या मनात नव्या भाषेचा विचार घोळायला लागला. ती भाषा म्हणजे गो. तिच्यात हेडर फाइल नाही, आणि मागवलेलं पॅकेज वापरलं नाही तर कंपायलर ताकीद देऊन थांबत नाही, बिल्डच नाकारतो.

पण लिनक्स कर्नल सीमध्ये आहे आणि १९९१पासून हजारो लोकांनी ते लिहिलंय. २०२२च्या पहिल्याच आठवड्यात इंगो मोल्नार या कर्नलच्या जुन्याजाणत्या माणसाने एक पॅचमालिका पुढे ठेवली. तिच्यात २२००हून जास्त पॅच होते. कर्नलच्या सुमारे १०,००० हेडर फाइलींमधला गुंता सोडवायचा, जिथे फक्त नाव पुरतं तिथे अख्खं कुटुंब आणायचं नाही, हा उद्देश. २०२०च्या अखेरीस काम सुरू केलं तेव्हा ५० ते १०० पॅचमध्ये आटपेल असं त्यांना वाटलं होतं. लागलं वर्षाहून जास्त. बिल्डचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढत असल्याचं त्यांनी मांडलं. तरी ती मालिका अख्खी मुख्य कर्नलमध्ये गेली नाही, तिच्यातले काही भाग गेले. निम्म्याहून जास्त फाइलींना हात लावणारा बदल तपासणार कोण, आणि तोवर बाकीच्यांनी काम थांबवायचं का?

हे कशासाठी?

आमच्याही प्रकल्पात ‘कॉमन’ नावाची एक हेडर फाइल आहे. बहुतेक प्रकल्पांत असते. ज्याला जे कुठे ठेवावं कळलं नाही, त्याने ते तिथे ठेवलं. मागच्या वर्षी तिच्यातून मी एकच, निरुपयोगी दिसणारा इन्क्लूड काढला आणि ६३ फाइली कंपाइल होईनात. त्या सगळ्या न सांगता त्याच्या जिवावर जगत होत्या. यात कुणाचीच चूक नव्हती. प्रत्येकाने एक ओळ घातली होती, आणि एक ओळ घालायला काहीच लागत नाही. तिचा खर्च रोज, प्रत्येक बिल्डमागे, सगळे मिळून भरतात.

म्हणून मला आता वाटतं, कंस आणि स्पेस यंत्राला देऊन टाकावेत, तेही लवकरात लवकर. कारण माणसाचं लक्ष ही टीममधली सगळ्यात तुटपुंजी गोष्ट आहे, आणि माझ्या पहिल्या पॅचमध्ये ते ३१ शेऱ्यांवर उधळलं गेलं. कोण कुणावर अवलंबून असावं हे मात्र यंत्र ठरवू शकत नाही. न वापरलेला इन्क्लूड ते दाखवून देईल. वापरलेला असावा का, हे आपणच विचारायचं.

गेल्या महिन्यात नुकत्याच लागलेल्या एका मुलाचा पहिला पॅच माझ्याकडे आला. मांडणी यंत्राने आधीच नीट करून दिली होती. मी सगळे लूप दोनदा वाचले, विशेषतः त्यांतली चिन्हं. मग वरच्या ओळीपाशी थांबून एकच शेरा लिहिला: “हा इन्क्लूड कशासाठी लागतोय?”

अर्ध्या तासाने उत्तर आलं: “नाही लागत, दादा. दुसऱ्या फाइलीतून कॉपी केला होता. काढतो.”