ज्याअर्थी संघ जिंकला

अमेरिकेत विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला की गावात मिरवणूक निघते, प्रशिक्षकाच्या पगारवाढीची बोलणी सुरू होतात आणि यथावकाश विधिमंडळात अभिनंदनाचा ठराव येतो. या ठरावाचं कूळ शोधत मागे गेलं, तर आपण रणांगणावर पोचतो.

जिंकून आलेल्या सेनापतीचे सभागृहाने ठराव करून आभार मानायचे, ही ब्रिटिश पार्लमेंटची रीत. वसाहतींनी इंग्लंडशी उभा दावा मांडला, पण रीत तीच ठेवली. मार्च १७७६ मध्ये इंग्रज फौजेने बॉस्टन सोडलं आणि २५ तारखेला वसाहतींच्या काँग्रेसने जॉर्ज वॉशिंग्टनचे आभार मानून सुवर्णपदक जाहीर केलं. पदक पॅरिसमध्ये घडलं. ते हातात पडायला वर्षं गेली. वॉशिंग्टनने सेनापतिपदाचा पगार नाकारून फक्त खर्च घेण्याचं कबूल केलं होतं, हे इथे ध्यानात ठेवावं.

पुढे सेनापतींच्या जागी खेळाडू आले, साचा मात्र तोच राहिला. आधी ‘ज्याअर्थी’ची रांग: ज्याअर्थी नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने ४ जानेवारी २०१४ रोजी टाउसनला ३५-७ असं हरवलं, ज्याअर्थी हे त्यांचं सलग तिसरं विजेतेपद... आणि शेवटी ‘म्हणून हे सभागृह ठरवते की’. या संघाने ओळीने पाच हंगाम जिंकले. मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाचं काम तेवढंच हलकं झालं असणार. सिनेटमध्ये असे ठराव बहुधा दिवसअखेर, कुणाची हरकत नाही असं गृहीत धरून, चर्चेविना मंजूर होतात. गंमत म्हणजे आधी ठराव मंजूर होतो आणि मग त्याची कारणं देणारी प्रस्तावना. राष्ट्राध्यक्षांची सही लागत नाही, कारण हा कायदाच नव्हे. प्रत विद्यापीठाकडे जाते.

प्रतिनिधीगृहाला मात्र याचा वीट आला. विशेष दिन-सप्ताह पाळण्याची विधेयकं त्याने १९९५ मध्ये बंद केली, आणि २०११ मध्ये रिपब्लिकन बहुमताने अभिनंदनाच्या ठरावांनाही आपल्या कामकाजातून जवळपास हद्दपार केलं. राज्यांच्या विधिमंडळांत ते आजही सुखाने नांदतात. आमदाराला मतदारसंघातल्या विजेत्या पोरांबरोबर छायाचित्र मिळतं. तिजोरीला कागदाचाच काय तो खर्च.

इकडे ५ जुलै २०२४ रोजी विश्वचषक जिंकलेल्या भारतीय क्रिकेट संघातल्या चार मुंबईकरांचा मुंबईत विधान भवनात सत्कार झाला, तेव्हा राज्य सरकारने संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना असं काही घेण्याची सोय नव्हती. शिष्यवृत्तीपलीकडे, स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमवायलाही महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची २०२१ पर्यंत मनाई होती. प्रशिक्षक लाखो डॉलर मिळवत आणि खेळाडूला ‘ज्याअर्थी’चा कागद. बिनपगारी माणसाला ठराव देण्याची वॉशिंग्टनच्या वेळची सोय इतकी टिकली, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

हे ठराव वाचतं कोण, याची परीक्षा टेक्सासच्या टॉम मूर नावाच्या आमदाराने १ एप्रिल १९७१ रोजी घेतली. लोकसंख्या नियंत्रणातल्या कामगिरीबद्दल अल्बर्ट डीसाल्व्हो यांचं अभिनंदन, असा ठराव त्याने मांडला आणि सभागृहाने तो एकमताने मंजूर केला. डीसाल्व्हो म्हणजे ‘बॉस्टनचा गळा आवळणारा’ म्हणून कुप्रसिद्ध झालेला खुनी. मग मूरने खुलासा केला आणि ठराव मागे घेतला.