बडोद्याची ममी



ममी म्हटली की इजिप्त आठवते. मला तितके दूर जावयाचे नाही. सुरतेहून आगगाडीने दोन-अडीच तासांवर, बडोद्याच्या संग्रहालयात इजिप्तमधील एका तरुण स्त्रीची ममी आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी ती १८९५ साली मिळविली. संग्रहालयाची इमारत आदल्याच वर्षी पूर्ण झाली होती, आणि अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्येच सुरू झाले होते. या राजाच्या लेखी संग्रहालय हीदेखील शाळाच होती, असे मी मानतो.

ममी टिकते ती कोणत्याही गूढ मसाल्यामुळे नव्हे. आतील अवयव काढून देह सुमारे चाळीस दिवस नेट्रॉन या क्षारात ठेवीत. पाणी निघून गेले की कुजणे थांबते. तुलना कठोर वाटेल, पण आपल्या किनाऱ्यावरील खारवलेली मासळीही याच नियमाने टिकते. मात्र नाईलकाठच्या कोरड्या हवेसाठी केलेला हा बंदोबस्त गुजरातच्या पावसाळ्यात अपुरा पडतो. दमट हवेत कापडाला व त्वचेला बुरशी धरते, कीड लागते. पाणी काय करते, हे २००६ चा तापीचा पूर पाहिलेल्या सुरतकरांना मी काय सांगावे? ऑगस्ट २०२० मध्ये जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये पाणी शिरले, तेव्हा तेथील ममी कर्मचाऱ्यांनी वेळीच हलविली म्हणून वाचली.

अभ्यासाची रीतही पालटली आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात तिकिटे लावून, प्रेक्षकांसमोर ममीच्या पट्ट्या उलगडीत. ज्ञान थोडे मिळे, नाश मात्र कायमचा होई. आता पट्टीला हात न लावता सीटी स्कॅनने वय, दात, हाडांचे आजार कळतात. हैदराबादच्या ममीची अशी तपासणी २०१६ साली झाली.

उरतो तो मृताच्या मानाचा प्रश्न. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९८० मध्ये कैरोतील राजममींचे दालन बंद करविले होते. २०२१ मध्ये त्यांतील बावीस ममी मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या. मला दालन बंद करणे पटत नाही. शाळांच्या सहली बडोद्यास जाव्यात. पण त्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या मुलांना शिक्षकांनी आधी सांगावे, की ही कोणाची तरी मुलगी होती. नेट्रॉनचे रसायन त्यानंतर.