मंडळीचं गाणं

पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात चर्च या अर्थी 'मंडळी' हा शब्द आला. मराठी माणसाच्या तोंडी तो आधीपासूनच होता. घरची मंडळी, वऱ्हाडी मंडळी, भजनी मंडळी. कीर्तनकारही श्रोत्यांना 'मंडळी' म्हणूनच हाक मारतो. या शब्दात भिंती, घंटा आणि मनोरा येत नाहीत, जमलेली माणसं येतात. म्हणूनच मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या मंडळीत काय मोलाचं वाटतं, हा प्रश्न इमारतींच्या आणि मिशनच्या इतिहासात शोधून सुटत नाही. माणसं एकत्र बसून जे करत आली, तिथे तो शोधावा लागतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्यांपुरतं बोलायचं, तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे: गाणं. शाळा, दवाखाने आणि देवळं बाहेरच्या पैशानं उभी राहिली. टाळ-पेटीवरचं गाणं मात्र इथल्या माणसांनी स्वतः घडवलं, आणि मंडळी त्यांची झाली ती या गाण्यामुळे.

सुरुवात अर्थातच परक्या हातांनी झाली. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ च्या अखेरीला नगरचं केंद्र उघडलं आणि १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. १८४२ साली याच गावातून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं. १८५४ मध्ये हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, म्हणजे व्यासपीठावर मराठी माणूस आला. पण उपासनेतलं गाणं अजून व्हायचं होतं. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनरींनी मेहनतीनं मराठीत गीतं रचली आणि भाषांतरित केली. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. अडचण चालीत होती. इंग्रजी गीताची चाल शब्दावरच्या आघातावर चालते, तर मराठी पद्य मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर. एकाचा अंगरखा दुसऱ्याला चढवला की ऱ्हस्व अक्षर उगाच ताणलं जातं, दीर्घ अक्षर घाईनं गिळलं जातं आणि अर्थ मधल्या मध्ये हरवतो. त्यात ही गीतं पुस्तकातून गायची, आणि पुस्तक वाचता येणारे थोडे. ज्याला अक्षर येत नव्हतं तो उपासनेत हजर असूनही उपासनेबाहेर राहत होता.

हा पेच सुटला तो १८६० च्या दशकात, नगर भागातल्या देशी कार्यकर्त्यांनी कीर्तन हाती घेतलं तेव्हा. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचं नाव यात अग्रभागी घेतलं जातं. कीर्तनाचं बळ कशात आहे ते नीट पाहिलं पाहिजे. कीर्तनकार उभा असतो, मागे झांज आणि तबला असतो, लोक सतरंजीवर बसलेले असतात. आधी नमन, मग एक अभंग निरूपणाला, मग आख्यान. कीर्तनकार ओळ म्हणतो, साथीदार ती उचलतात, तिसऱ्या खेपेला सगळी सभा ती म्हणू लागते. पुस्तक लागत नाही. दोन-तीन रात्रींत ओळ पाठ होते आणि चौथ्या दिवशी ती मोटेवर किंवा जात्यावर म्हटली जाते. आख्यानाला विषय उधळ्या पुत्राचा असला, तर त्यातला पोरगा बापाचा पैसा घेऊन दूरदेशी जातो, सगळं उडवून बसतो आणि नेमका तेव्हाच त्या मुलखात दुष्काळ पडतो. डुकरांपुढच्या शेंगांवर पोट भरावं असं त्याला वाटू लागतं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ अंगावर काढलेल्या नगरच्या माणसाला ही गोष्ट परदेशातली वाटण्याचं कारणच नव्हतं. भूक म्हणजे काय आणि गाव सोडून जाणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. पोरगा परत येताना दिसतो आणि म्हातारा बाप धावत सुटतो, या जागी झांज थांबते. निरूपण थोडा वेळ नुसत्या बोलण्यावर येतं, आणि मग सगळी सभा पुन्हा ध्रुपद उचलते. दीड तासाच्या प्रवचनाला जे जमत नाही, ते या एका थांबण्यात होतं.

मराठी छंदात ख्रिस्तकथा सांगण्याची ही पहिली वेळ नव्हती. गोव्यात जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं होतं आणि लोकांपुढे वाचलं जात होतं. पुढे पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेवरच बडगा उगारला, १६८४ चा हुकूम त्यातलाच. ती परंपरा नगरपर्यंत पोहोचली असं मी म्हणणार नाही. पण दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या पंथांत, मराठी मुलखात एकच गोष्ट घडली: कथा ओवी-अभंगात आली तेव्हा लोकांची झाली. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

मग कवी नारायण वामन टिळक आले. १८६१ साली कोकणात करजगावला जन्म, १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा, पुढे नगरला अध्यापन आणि १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचं संपादन. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते उघडपणे सांगत. त्यांनी मंडळीला दिलं काय, तर स्वतःचा श्वास. अभंगाची घडण साधी असते: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक, आणि शेवटचा आखूड चरण टाळीसाठी मोकळा. या घडणीत टिळकांनी प्रार्थना, पश्चात्ताप, आभार, मृत्यूची तयारी असं सगळं बसवलं, आणि शब्द असे वापरले की ते भाषांतराचे वाटत नाहीत. मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीतं गेली. ज्या घरात त्यांचं चरित्र कुणी वाचलेलं नाही, त्या घरातही त्यांच्या ओळी रात्रीच्या प्रार्थनेत असतात. कवीला याहून मोठं स्थान मी मानत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कीर्तन हे धर्मप्रसाराचं हत्यार होतं, लोकांना ओळखीच्या रूपात अनोळखी माल विकण्याची युक्ती. यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. प्रसार हा मिशनचा जाहीर हेतू होता आणि कीर्तनाला गर्दी होते हे मिशनरींना दिसत होतं. पण युक्ती ओळखायची कशी? जिथे प्रसार करायचा नसतो तिथे ती वापरली जात नाही, यावरून. इथे उलट झालं. हे गाणं मयताच्या घरी रात्रभर चाललं, बारशाला झालं, नाताळच्या पहाटे गल्लीतून फिरलं. तिथे सगळे आपलेच होते, कुणाला वळवायचं नव्हतं. शिवाय टिळकांचं उदाहरण समोर आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरत होता. तरी त्यांच्या गाण्यांना मंडळीतून कुणी बाहेर काढलं नाही, कारण तोवर ती मंडळीची झाली होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मंडळीच्या आतूनच येतो. कीर्तन आणि अभंग हा वरच्या जातींच्या सुशिक्षितांचा वारसा. नगरच्या मंडळ्या तर बहुसंख्येनं महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या. मग टिळकांसारख्या ब्राह्मण कवीचं गाणं त्यांच्या गळ्यात घालणं हेही एक ओझंच नव्हे का? गीतसंग्रहात ज्यांची नावं छापली गेली त्यांत पुण्या-नगरच्या शिकलेल्यांचा भरणा आहे, हे मान्य करावंच लागेल. खेड्यातल्या मंडळीत ज्यानं चाल बांधली त्याचं नाव पुस्तकाच्या पानावर आलं नाही, हा अन्यायच आहे. पण अभंग वरच्या जातींचा होता, हे विधान मला मुळातच मान्य नाही. महार संत चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका यांचा अभंग कुणाचा? महारवाड्यात एकतारीवर रात्री जागवणारं भजन कुणाचं? मांगांच्या हातची हलगी आणि सनई नसती तर गावाचा एक सण तरी साजरा झाला असता का? गाणं त्यांच्याकडे होतंच. त्यांना नव्हती ती आत बसून गाण्याची जागा. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापुढे, बाहेर आहे. विठ्ठलाच्या मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून नगरच्या मंडळीत महाराचा मुलगा आणि ब्राह्मणाचा मुलगा एका सतरंजीवर बसून एकाच ध्रुपदाला टाळ धरत होते आणि प्रभुभोजनाच्या एकाच भाकरीतून खात होते. जात मंडळीतून गेली असं मी म्हणत नाही. सोयरिकीच्या वेळी ती पुन्हा डोकं वर काढते आणि ही मंडळीची जुनी, लाजिरवाणी जखम आहे. पण गाताना ती निदान दारात चपलांपाशी थांबली. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचताना सोवळं एका बाईच्या मनातून कसं हळूहळू गळून पडतं ते दिसतं. ते वादविवादानं गळलं नाही, सोबत राहण्यानं गळलं.

कुणी म्हणेल, गाण्याला एवढं मोठं करताना शाळा-दवाखान्यांचं ऋण विसरू नका. विसरायचं नाहीच. मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेपासून पुढे जे शिक्षण मिळालं, त्यानं पिढ्या बदलल्या, आणि आजही घराघरांत त्याची आठवण कृतज्ञतेनं काढली जाते. पण त्या ऋणात देणारा आणि घेणारा असे दोघे वेगळे होते. बोस्टनहून पैसे येणं थांबलं तेव्हा संस्था डळमळल्या, जमिनीजुमल्याचे वाद सुरू झाले. १९७० मध्ये नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि पाटीवरचं नावही बदललं. या सगळ्या उलथापालथीत रविवारच्या उपासनेत लोक येत राहिले ते कशासाठी? जे त्यांच्या स्वतःच्या हातात होतं त्यासाठी. कापणीचा सण पाहा. ज्वारी-बाजरीचं पायली-दोन पायली धान्य, शेवग्याच्या शेंगा, गावरान अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी असं दानार्पण वेदीपुढे येतं. उपासना झाली की अंगणात लिलाव होतो. बाजारात दहाला मिळणारी जुडी इथे पन्नासला जाते आणि घेणाऱ्याला त्याचा आनंद असतो. लिलावाआधी आणि नंतर गाणं असतंच. ज्याच्या हातात द्यायला एक लिंबू आहे, तोही त्या गाण्यात देणारा म्हणून उभा राहतो. ही प्रतिष्ठा त्याला कुठल्याही मिशनच्या वार्षिक अहवालात मिळाली नव्हती.

आता तरुणांच्या हाती गिटार आणि कीबोर्ड आला आहे, हिंदी आणि इंग्रजी गीतं भिंतीवरच्या पडद्यावरून म्हटली जातात. मला त्यात पाप दिसत नाही. कीर्तनही एके काळी नवंच होतं, आणि तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलं असेलच. माझी काळजी वेगळी आहे. गीतसंग्रहात शब्द छापलेले असतात, वर फार तर चालीचा किंवा रागाचा उल्लेख असतो. प्रत्यक्ष चाल, तिच्यातल्या हरकती, झांज कुठे थांबवायची, ध्रुपद कितव्यांदा वर न्यायचं, हे सगळं म्हाताऱ्या कीर्तनकारांच्या आणि खेड्यातल्या पेटीवाल्यांच्या गळ्या-बोटांत आहे. ते कागदावर उतरलेलं नाही. दरवर्षी त्यांतले काही जण दफनभूमीत जातात आणि त्यांच्याबरोबर चाली जातात. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. आपल्या मंडळीत असा एखादा माणूस असेल, तर येत्या नाताळची वाट न पाहता त्याच्यापुढे बसा, त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत गाऊ द्या, त्याचं नाव, गाव आणि ती चाल त्यानं कुणाकडून घेतली ते लिहून ठेवा.