सोपाऱ्याचे बंदर आणि कष्टकऱ्यांचा धम्म

विरारकडे जाणाऱ्या लोकलने आपण नालासोपाऱ्याला कितीतरी वेळा उतरलो असू. पण हेच गाव म्हणजे पाली ग्रंथांतले सुप्पारक बंदर, हे आपल्या पोरांना कोण सांगणार? म्हणून हा लेखनप्रपंच.

सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणबरोबर सोपाऱ्याचे नाव येते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. आत मातीच्या भिक्षापात्राचे १३ तुकडे! शिवाय सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी इथे सापडला, नववा १९५६ साली जवळच्या भुईगावात.

आता विचार करा. एकात एक बसणारे हे करंडक कोणी घडवले? तांबट, सोनार, पाथरवट यांनीच ना! त्यांची नावे तिथे नाहीत, पण लेण्यांत आहेत. कार्ल्याला सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम दान दिले. कान्हेरीला कल्याणच्या सोनाराचे दान आहे. जुन्नरला तर बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा लेख आहे. आणि गंमत बघा, सोपाऱ्याच्या स्तूपाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत आले!

आम्ही गिरणीत साच्यावर उभे राहिलेली माणसे. म्हणून नाशिकच्या लेणी क्रमांक १० मधला लेख आम्हाला फार जवळचा वाटतो. सोपाऱ्यात धर्मशाळा बांधणाऱ्या उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमचे ठेवले, व्याज महिना शेकडा एक. म्हणजे वर्षाला २४०. त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. राजाचा जावई पैसे ठेवतो कोणाकडे, तर विणकरांकडे! एवढी त्यांच्या शब्दाला पत होती.

आमच्या गिरणीत आमच्या समाजाच्या माणसाला कापडखात्यात सहज घेत नसत. धागा तुटला की तोंडाने ओढावा लागे, तिथे विटाळ आडवा यायचा. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपकाळातच मांडला होता. ज्या हातांना पुढे विटाळ म्हटले, तसल्याच कष्टाच्या हातांनी लेणी उभी केली, हे विसरून कसे चालेल?

ते करंडक मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. पण स्तूप तर सोपाऱ्यातच आहे. तेव्हा या वर्षी पोराबाळांना घेऊन एकदा तिथे जाऊ या. जय भीम!