शस्त्रक्रियेपूर्वीचे हाड

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा जो अध्याय आहे, त्यात वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या सालींचा आणि वेळूच्या कांब्यांचा आधार मोडलेल्या अवयवाला कसा द्यावा, आणि बांधलेली पट्टी थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी कशी सोडून पुन्हा बांधावी, याचा बारीक तपशील आलेला आहे. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती त्याच अध्यायातील कालगणना. पहिल्या वयात महिन्याभरात दृढ होणारा सांधा मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ घेतो, आणि जो अल्प आहार घेतो त्याचे हाड कष्टाने जुळते, असे सुश्रुताने सांगून ठेवले आहे. पट्टीचे कौशल्य कितीही असले तरी ती ज्या हाडावर बांधायची त्याचे वय आणि पोषण हा चिकित्सेचाच भाग आहे, ही जाणीव येथे स्पष्ट आहे. म्हणूनच प्रथम व्यालेल्या गाईचे दूध, तूप आणि लाख यांची योजनाही त्याने तेथेच केली. (रुग्णाने ऊन टाळावे असेही तो सांगतो, या बाबतीत पुढील ज्ञानाने त्याच्या उलट कौल दिला.)

वृद्धाच्या हाडाकडे पाश्चात्त्य शल्यविद्येचे लक्ष वेधले ते लंडनच्या सर ॲस्ले कूपर यांनी. 1822 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडीच्या हाडाची मान मोडलेल्या म्हाताऱ्यांचे वर्णन केले. त्यात स्त्रिया अधिक, आणि अपघात अगदी क्षुल्लक : रस्त्याच्या कडेच्या उंच पदपथावरून चालताना पाय निसटावा आणि वीतभर खालच्या फरसबंदीवर पडावा, एवढ्यानेच खुबा मोडावा. वार्धक्यात हाडाची भिंत पातळ व आतील भाग विरळ होतो, हे त्यांनी शवविच्छेदनात पाहिले होते. पुढे स्ट्रासबुर्गच्या लोबस्टाईन या विकृतिशास्त्रज्ञाने अशा सच्छिद्र हाडाला ‘ऑस्टिओपोरोसिस’ हे नाव दिले. नाव मिळाले, उपाय मात्र मिळाला नाही. 1895 साली क्ष-किरण सापडले खरे; पण हाडातील सुमारे एकतृतीयांश खनिज नाहीसे होईपर्यंत त्या छायाचित्रात ठिसूळपणा ठळक दिसत नसे, त्यामुळे दोष दृष्टीस पडे तोवर बहुधा फार उशीर झालेला असे. बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी 1941 च्या सुमारास रजोनिवृत्ती आणि हाडांची झीज यांचा संबंध दाखविला, तेव्हा कोठे ‘म्हातारपणचे चालायचेच’ या समजुतीला पहिला धक्का बसला.

पुढील दोन दशकांत शल्यविद्येची दुसरी एक वाट स्वतंत्रपणे चालली होती. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथे क्षयरोग्यांसाठी 1933 साली उघडलेले एक रुग्णालय होते. तेथे जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा सिद्ध केला. त्यांनी प्रथम वापरलेला टेफ्लॉनचा प्याला थोड्याच वर्षांत झिजला आणि शेकडो रुग्णांचे सांधे पुन्हा उघडण्याची पाळी आली. 1962 मध्ये एक विक्रेता विणमागांच्या दंतचक्रांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन हे नवे प्लास्टिक घेऊन आला. चार्नलींनी तो तुकडा अंगठ्याच्या नखाने दाबून पाहिला आणि नापसंत केला. पण त्यांचे प्रयोगशाळेतील सहायक हॅरी क्रेव्हन यांनी तो यंत्रावर घासत ठेवला, आणि कित्येक दिवस घासूनही त्याची झीज जवळजवळ होत नाही असे आढळले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या पॉलिएथिलीनचा पहिला सांधा रुग्णाच्या खुब्यात बसला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतून आलेल्या त्या पदार्थाने पुढे जगभरच्या लाखो माणसांना चालते केले.

या सांध्याचा धातूचा दांडा मांडीच्या हाडात बसविण्यासाठी चार्नलींनी दंतवैद्यांच्या ॲक्रिलिकचा उपयोग केला. ते त्याला डिंक मानीत नसत. दगडी भिंतीच्या दरजा जशा चुन्याने भरतात, तसा तो मऊ पदार्थ हाडाच्या आतील जाळीत शिरून घट्ट होतो आणि भार सर्वत्र वाटून देतो, अशी त्यांची उपपत्ती होती. आता या दृष्टान्तातच खरी मेख आहे. चुना उत्तम असला, गवंडी कुशल असला, तरी भिंतीचा दगडच भुसभुशीत असेल तर काय करावे? पुढे 1980 नंतर या ॲक्रिलिक सिमेंटविना बसविण्याचे दांडे प्रचारात आले, तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. कारण तेथे हाडाने स्वतः वाढून धातूला धरावयाचे असते, आणि वृद्ध स्त्रीच्या पातळ हाडात असा दांडा ठोकून बसविताना ते हाडच चिरण्याचा धोका असतो. एका दंतचक्राच्या प्लास्टिकची परीक्षा ज्या चिकाटीने झाली, त्या चिकाटीने ते ज्या हाडात बसवायचे त्या हाडाची परीक्षा पुष्कळ काळ झाली नाही.

यामागे निष्काळजीपणापेक्षा एका अर्धसत्याचा वाटा मोठा आहे. 1972 साली फॉस व बायर्स या इंग्रज संशोधकांनी दाखविले की, ज्यांचा खुबा मोडतो त्यांच्यात संधिवाताने झिजलेला खुबा क्वचितच आढळतो. निरीक्षण खरे होते. पण त्यावरून संधिवाताच्या रोग्याची हाडे भक्कमच असतात असा सोयीस्कर निष्कर्ष रूढ झाला, आणि सांधा बदलण्यासाठी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडांची विचारपूस करण्याचे कारणच उरले नाही. 2003 साली बोस्टनमध्ये खुबा बदलून घेणाऱ्या उतारवयाच्या स्त्रिया तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांना ऑस्टिओपोरोसिस होता आणि त्याचा त्यांना पत्ताही नव्हता. संधिवाताने मणक्यांवर वाढलेली हाडाची टोकेही मापनात घनता फसवी वाढवून दाखवितात. जाणते वैद्य म्हणून दुसऱ्या बाजूचा खुबा किंवा मनगटाजवळचे हाडही मोजून घेतात.

मापन आणि औषध ही दोन्ही साधने तोवर हाती आलेली होती. 1963 मध्ये विस्कॉन्सिनच्या कॅमेरॉन व सोरेन्सन यांनी किरणांच्या शोषणावरून हाडातील खनिज मोजण्याची रीत काढली, 1987 च्या सुमारास आजचे डेक्सा यंत्र आले, आणि 1994 साली जागतिक आरोग्य संघटनेने तरुण प्रौढांच्या सरासरीहून अडीच प्रमाणविचलने खाली अशी ऑस्टिओपोरोसिसची मर्यादा मुक्रर केली. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश यांनी 1960 नंतरच्या दशकात ज्या बिस्फॉस्फोनेट द्रव्यांचा अभ्यास केला, ती हाडांची झीज रोखणारी आजची नित्याची औषधे ठरली.

आपल्याकडचा प्रकार अधिक विस्मयकारक आहे. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा स्वदेशी कृत्रिम गुडघा घडविला. शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असलेली नाचणी कोकणातल्या घराघरांत आहे. वर्षातील बहुतेक दिवस ऊन आहे. आणि तरीही ड जीवनसत्त्वाची तूट भारतात शहरांतून व खेड्यांतून सर्रास आढळते. उंबऱ्याच्या आत वावरणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना ऊन दिसते, लागत नाही.

माझ्या आत्याबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख तीन महिने आधी ठरली होती. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, इतकेच काय दातसुद्धा तपासले गेले, आणि कागदांचे दप्तर चांगले जाड झाले. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून त्यांचे मनगट मोडले होते, ही गोष्ट मात्र त्या दप्तरात कोठेच नव्हती. कोणी विचारली नाही आणि आम्ही सांगितली नाही. गुडघा सुरेख बसला. सहा महिन्यांनी देवघरातून उठताना त्या पडल्या, आणि नव्या सांध्याच्या किंचित वर मांडीचे हाड मोडले. पुढची चार वर्षे त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

अपघाताने मोडलेल्या हाडाला मुदत मिळत नाही. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला मिळते. ड जीवनसत्त्वाची तूट बहुधा दोन-तीन महिन्यांत भरून काढता येते, आणि हाडांचे औषध शस्त्रक्रियेच्या आधी सुरू करावे की नंतर, हे ठरविण्यासही तेवढा अवधी पुरेसा असतो. तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या खुब्याची वा गुडघ्याची तारीख ठरेल त्याच दिवशी, पूर्वी मनगट, खांदा वा मणका मोडला असल्यास, उंची कमी झाली असल्यास, किंवा दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेतले असल्यास ते शल्यवैद्यांना आपण होऊन सांगा, आणि हाडांची घनता मोजावयाची का, एवढे अवश्य विचारा.