पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील संप्रेरक उपचार आणि नाशिक जिल्ह्यातील रुग्ण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगावरील संप्रेरक उपचारांचा इतिहास बहुधा औषधांच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या उपचारांपायी रुग्णाला जे सोसावे लागते, ते त्यात क्वचितच येते. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

१९४१ मध्ये शिकागो विद्यापीठातील चार्ल्स ह्युगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी, वृषणे काढल्यास अथवा स्त्रीसंप्रेरक दिल्यास शरीरात पसरलेला हा कर्करोगही मागे हटतो, हे दाखवून दिले. या कार्यासाठी ह्युगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की, १९४१ सालीच परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. नाशिककरांच्या दृष्टीने कर्करोगाचा उपचार म्हणजे दीर्घकाळ परळच्या खेपा आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतील मुक्काम असे. (गाडगे महाराजांनी नाशिकलाही धर्मशाळा बांधली होती, हे येथे आठवते.)

स्टिलबेस्ट्रॉलच्या गोळ्या स्वस्त होत्या. परंतु त्यांनी पुरुषाची छाती वाढे. शिवाय त्यांच्या मोठ्या मात्रेमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढतात, असे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासातून १९६७ मध्ये पुढे आले. १९८५ मध्ये अमेरिकेत ल्युप्रोलाइड या इंजेक्शनला मान्यता मिळाली. इंजेक्शन थांबवता येते, शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही. तथापि इंजेक्शनचा खर्च महिनोन्‌महिने चालतो, शस्त्रक्रियेचा एकदाच होतो. त्यामुळे भारतात शस्त्रक्रियेचा मार्ग दीर्घकाळ टिकून राहिला. सुरगाणा-पेठच्या कुटुंबाने केलेली निवड ही बव्हंशी ऐपतीची निवड होती, असे म्हणावे लागते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नाशिकमध्ये आली ती २०१३ मध्ये.

येथे भाषेचाही प्रश्न आहे. वैद्यकीय मराठीत 'वृषणोच्छेदन' हा शब्द असला तरी शेतकऱ्याच्या परिचयाचा शब्द एकच, तो म्हणजे बैल खच्ची करणे. हाच शब्द माणसाची उमेद मोडण्यासाठीही वापरला जातो. अशा शब्दाने स्वतःचे वर्णन कोण करील? परिणामी 'छोटेसे ऑपरेशन' एवढ्यावर बोलणे थांबते.

त्रास मात्र छोटा नसतो. अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण भिजते, कामेच्छा मावळते, पोट सुटते आणि स्नायू झिजतात. निफाड-दिंडोरीच्या बागेत द्राक्षांचे क्रेट उचलणाऱ्या पुरुषाला हा शेवटचा बदल प्रथम जाणवतो. हाडे ठिसूळ होतात ती कळून न येता. नियमित व्यायाम, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी हे त्यावरील उपाय आज सर्वज्ञात आहेत.

ऋतुनिवृत्तीच्या वेळी असाच दाह घरातील पत्नीने सोसलेला असतो. तिनेही तो कोणाला सांगितलेला नसतो.