आठ तुकड्यांचा डॉलर

शेअरचे चार्ट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंमत कशी दिसावी याचं एक सेटिंग असतं. दशांश चिन्हापुढे दोन आकडे की चार, एवढं आपण बघतो आणि पुढे जातो. पण काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच यादीत खाली १/८, १/१६, १/३२ असेही पर्याय असतात. शाळेबरोबर सुटलेले अपूर्णांक इथे काय करतायत? तर मंडळी, त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

अमेरिकेने २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने डॉलरचे शंभर सेंट ठरवले. जेमतेम सहा आठवड्यांनी, १७ मे १७९२ ला, न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर २४ दलालांनी एक करार केला. तिथल्या शेअर बाजाराची ती सुरुवात. पण लोकांच्या हातात खेळत होता स्पॅनिश डॉलर, आणि त्याचे होते आठ रेआल. मग भावही आठव्या हिश्शात बोलले जाऊ लागले. १८५७ साली स्पॅनिश डॉलर चलनातून बाद झाला, आठवा हिस्सा मात्र बाजारात टिकला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि 'सोळा आणे' फक्त बोलण्यात उरले. वॉल स्ट्रीटवर जुना हिशोब चक्क भावात राहिला!

का राहिला? नुसत्या सवयीमुळे नाही. १/८ डॉलर म्हणजे साडेबारा सेंट. दलाल २० ला घेणार आणि २० १/८ ला विकणार. मधला फरक यापेक्षा कमी होऊच शकत नाही, कारण मधला भाव लिहायची सोयच नाही. हजार शेअर्समागे १२५ डॉलर झाले की!

१९९४ मध्ये विल्यम क्रिस्टी आणि पॉल शुल्ट्झ या प्राध्यापकांनी नॅसडॅकचे आकडे तपासले. बऱ्याच मोठ्या शेअर्समध्ये १/८, ३/८, ५/८, ७/८ हे भाव जवळपास गायबच होते. म्हणजे फरक किमान पाव डॉलर! ही बातमी छापून आल्यावर मायक्रोसॉफ्टसारख्या शेअर्समध्ये ते भाव लगेच दिसायला लागले. गंमत आहे ना? पुढे खटला झाला आणि दलाल कंपन्यांनी सुमारे १०० कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

१९९७ मध्ये १/१६ आलं. २९ जानेवारी २००१ ला न्यूयॉर्कचा बाजार पूर्णपणे दशांशावर गेला, नॅसडॅक ९ एप्रिलला. किमान फरक एक सेंटवर आला आणि छोट्या गुंतवणूकदाराचे पैसे वाचले. फुकट मात्र काहीच नसतं. एकेका भावाला मिळणारे शेअर्स कमी झाले, आणि मोठी ऑर्डर तुकडे करून टाकावी लागायला लागली.

आपल्याकडेही जून २०२४ मध्ये एनएसईने २५० रुपयांखालच्या शेअर्ससाठी किमान फरक ५ पैशांवरून १ पैशावर आणला. तेव्हा दशांशानंतरचा तो शेवटचा आकडा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही. तो कुणाच्या तरी खिशातून कुणाच्या तरी खिशात जातो.

आणि हो, अपूर्णांक अजून मेलेले नाहीत. अमेरिकन सरकारी रोख्यांचे भाव आजही ३२ व्या हिश्शात सांगतात. तिथे १०१-१६ दिसलं तर ते १०१.१६ नव्हे, १०१.५० समजायचं. ते १/३२ चं सेटिंग त्याच्यासाठीच आहे :)